मागून येणारी निळी गाडी

ये बाई, अशी जवळ सरक, अन् तो फोन पालथा ठेव जरा. दर रविवारी "ऐकतेय आजी, बोल तू" म्हणतेस आणि मागून तुझ्या बोटांची टकटक मला ऐकू येत असते. तिकडे दुसऱ्या कोणाला तरी लिहीत असतेस. मी रागावत नाही, पण अर्ध्या कानानं ऐकलेली गोष्ट अर्धीच पोचते, म्हणून ही कागदावर उतरवली. माझं लिहिणं-वाचणं तुझ्या बापाच्या शाळेच्या पुस्तकांतून शिकलेलं. काना-मात्रा चुकला तर सांभाळून घे.

तुझ्या आबाजींना लकवा मारून गेला तो सोयाबीन निघायच्या दिवसांत. उजवा हात खांद्यापासून उचलायचा, पण बोटं ओल्या कणकेसारखी लोंबायची. यवतमाळच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हा झटका हलका होता, दुसरा येऊ शकतो. गोळी चुकवायची नाही, रोज चालवायचं, हात हलता ठेवायचा. बसून राहिले तर हात तर जाईलच, आणि पुढचंही काही सांगता येणार नाही. मी घरी येऊन यातलं निम्मंच बोलले. उरलेलं त्यांनी माझ्या तोंडावर वाचलं असणार, कारण त्या दिवशी त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही.

दाबायला एक रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी खाटेखाली भिरकावला. हे काय लेकरावाणी, म्हणाले. मग दिवाळीला तू आलीस, आणि येताना तो खेळाचा डबा घेऊन आलीस. टीव्हीला वायर जोडलीस, बटणांचा रिमोट त्यांच्या हातात दिलास आणि म्हणालीस, आबाजी, ही लाल गाडी तुमची, पळवा. बुटक्या-बुटक्या आठ गाड्या, खेळण्यातल्यासारख्या. जंगलातून रस्ता, मग लाकडी पूल, मग बोगदा. पहिल्या दिवशी त्यांची गाडी सारखी पाण्यात. पण ते हसत होते. आजारपणानंतर पहिल्यांदा हसले ते त्या पाण्यात पडण्यावर. तू चार दिवसांनी पुण्याला गेलीस आणि डबा ठेवून गेलीस.

तुला ठाऊक नसेल, तरणे असताना तुझे आबाजी शंकरपटाचे धुरकरी होते. पटात दोन बैलजोड्या शेजारी-शेजारी सुटतात, अन् मागच्या हलक्या छकड्यावर उभं राहून जो त्यांना हाकतो तो धुरकरी. मारेगावपासून पार पुसदकडच्या पटापर्यंत लोक यांना आपली जोडी हाकायला बोलवायचे. नंतर पटांवर बंदी आली, ती उठली तोवर यांचे गुडघे गेले. मग आता एवढ्या वर्षांनी हातात परत कासरा आल्यासारखं झालं. सकाळी चहा झाला की खाटेवर उशीला टेकून बसायचे. आठ-पंधरा दिवसांत अंगठा बटण दाबू लागला. मग शेजारचं बोट. मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू ओरडलीच होतीस.

निळ्या गाडीचं मात्र मी तेव्हा सांगितलं नाही. मलाच ते नीट कळलं नव्हतं.

हात सुधारला तशी लाल गाडी पुढे जायला लागली. बाकीच्या सगळ्या मागे. आणि शेवटच्या वळणाच्या आधी, बोगद्यातून बाहेर पडताना, मागून ती निळी यायची. हाकणाऱ्याला तोंड नाही, नुसतं काळं शिरस्त्राण. ती जवळ आली की टीव्हीतून घूंऽऽ असा आवाज निघतो, लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यासारखा. किती पुढे गेलेलं असू दे, ती यायचीच. एकदा त्यांनी ती बोगद्याच्या भिंतीवर आपटवली, मी डोळ्यांनी पाहिलं, उलटी पडली होती. तरी शेवटच्या वळणाला ती मागे होतीच, अन् दौड संपते त्या पांढऱ्या पट्टीच्या वीतभर आधी पुढे गेली. रोज. आबाजींची चूक झाली म्हणून नव्हे. ते जेवढे नीट हाकायचे तेवढी ती जोरात यायची.

सुरुवातीला शिव्या दिल्या. तुझ्या आबाजींच्या शिव्या काही लिहीत नाही. मग शिव्या थांबल्या, आणि मला तेच खटकलं. पटातला माणूस हरला की बोलतो. बैलाला बोलतो, झेंडीवाल्याला बोलतो, जमिनीला बोलतो. हे गप्प राहून टीव्हीकडे बघायला लागले.

एक दिवस म्हणाले, आवाज बंद कर याचा. मला वाटलं डोकं दुखत असेल. तसं नव्हतं. पटात मागे पडलेली जोडी पुढच्या जोडीच्या घुंगरांवर कान लावून पळते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते पटाच्या दिवशी आपल्या बैलांच्या घुंगरमाळा काढून ठेवायचे. पोळ्याला सजवा हवं तेवढं, पण दौडीत मुकं पळायचं. आता टीव्ही मुका केला की मागच्याला आपली चाहूल लागणार नाही.

मी हसले नाही बाई. मी आवाज बंद केला.

ती आली. आवाजाशिवाय आली, आणि ते जास्त वाईट होतं. आधी निदान घूं ऐकून कळायचं. आता सगळं मुकं, रस्ता मुका, पूल मुका, आणि एकदम पडद्याच्या कडेला ते काळं शिरस्त्राण. आबाजींचा खांदा उडाला. मी दारात तूर निवडत बसले होते, माझंही सूप हललं.

त्याच रविवारी मी तुला विचारलं होतं, आठवतं का. तू हसलीस आणि म्हणालीस, अगं आजी, तो खेळ बनवलेलाच तसा आहे. जो पुढे जाईल त्याच्या मागच्याला तो जास्त वेग देतो, नाहीतर एकटं पुढे पळण्यात मजा काय. आणि जो मागे पडेल त्याच्यासाठी बाकीचे थोडे रेंगाळतात. मला हायसं वाटलं. बनवलेलं आहे, म्हणजे त्यात काही नाही. मी धावत जाऊन त्यांना सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे जो पुढं जाईन त्याचीच पाठ धरते. मी काय सांगून राह्यलो मंग?"

मी परत तूर निवडायला बसले.

त्यानंतर ते रस्त्यावरून चालताना मागे वळून बघायला लागले. आम्ही संध्याकाळी नाल्यापर्यंत जाऊन यायचो. रस्त्यानं राजूरकडचे कोळशाचे ट्रक जातात, ताडपत्री फडफडत, काळी धूळ मागे सोडत. आधी ट्रक आला की ते काठी टेकून कडेला उभे राहायचे. आता ट्रक नसतानाही उभे राहायचे. काय झालं विचारलं तर काही नाही. मी पण ऐकायचे. खरं सांगते, दोनदा-तीनदा मलाही ती घूं ऐकू आली, टीव्ही घरी बंद असताना. विजेच्या तारांची असेल. पण मी चालायचा वेग वाढवला, आणि वाढवला तसा लगेच कमीही केला. वेग वाढवला की मागचा येतो, हे माझ्याही डोक्यात बसलं होतं.

मग एक दिवस त्यांनी मला हाक मारली. आवाज लहान मुलाला झोपेतून उठवताना असतो तसा हळू. इकडं ये, पाह्य, म्हणाले. लाल गाडी पुलावर होती, पुढे कोणी नाही, आणि ते तिला अगदी चालत नेत होते. मागे निळी होती. तीही चालत होती. पुढे जायला रस्ता मोकळा असून जात नव्हती. लाल थोडी हळू झाली की निळी थोडी हळू.

"पाह्यलं?" म्हणाले. "मी हळू झालो का तोबी हळू होते. आपुन पळतो म्हनून तो पळते."

आणि मला तिथेच टीव्ही बंद करायला लावला. दौड पुरी केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रिमोटला हात लावला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी नाल्यापर्यंत यायला नाही म्हणाले. दमलात का? नाही. दुखतं का? नाही. मग हळूहळू नळाशी जाणंही कमी झालं. तोंड धुवायला तांब्या खाटेपाशी. जेवण खाटेपाशी. हाताची बोटं आत वळायला लागली. मी तेल लावून उघडायला गेले तर हात काढून घेतला. म्हणे राहू दे, आहे तसा राहू दे. गोळी मात्र घ्यायचे, गोळीला हलावं लागत नाही ना.

मला समजायला वेळ लागला, पण समजलं. आयुष्यभर त्यांनी मागच्या जोडीचं मन ओळखून दौडी जिंकल्या. इथेही त्यांनी मागच्याचं मन ओळखलं होतं. जो मागे आहे तो आपल्या वेगावर येतो. आपण हललोच नाही तर तो येणारच नाही. माझा नवरा खाटेवर लपून बसला होता बाई, आणि डॉक्टर म्हणाले होते ते सगळं तिथेच, त्या खाटेवर, त्याची वाट बघत होतं. दुपारी त्यांचा डोळा लागला की मी दारात बसून त्यांच्या छातीकडे बघत राहायचे. भाजी चिरायची विसरायचे.

तुझ्या बापानं फोनवर समजावलं. त्यांनी हो हो म्हटलं आणि कूस बदलली.

मग मीच रिमोट घेतला. ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे, मी आवाज न करता खेळायचे. माझी गाडी कुठे जायची ते माझं मला ठाऊक. झाडावर, पाण्यात, उलट्या दिशेला. मी इतकी वाईट हाकायचे की बाकीच्या गाड्या माझ्यासाठी रेंगाळायला लागल्या, तू म्हणाली होतीस तशाच. आणि एका दुपारी, कशी कोण जाणे, मी सगळ्यांच्या पुढे पुलावर होते. निळी मागे. मी हळू झाले, ती हळू झाली. इथवर त्यांचं बरोबर होतं. मग मला वाटलं, हे तर त्यांनी पाहिलं, पण पूर्ण थांबवून कुठे पाहिलं? मी बटणावरून बोट काढलं.

जे झालं ते पाहून मी टीव्हीच बंद केला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना हलवलं. म्हटलं, इकडे तोंड करा. नको म्हणाले. म्हटलं, एवढं एकदा पाहा, मग मी तुम्हाला परत कधी उठवणार नाही. तसं मी कधी बोलत नाही, म्हणून ते वळले.

पुन्हा तेच जमवायला मला बराच वेळ लागला. ते पडल्या-पडल्या बघत होते. एकदा म्हणाले, काय वं, बैल पाण्यात कायले घालतं. मी हाकतच राहिले. शेवटी पूल आला, मी पुढे, निळी मागे. मी आवाज मोठा केला. घूं सुरू झाली. मी हळू केली, ती हळू झाली. आबाजींनी मान हलवली, जसं काही मी त्यांचंच म्हणणं सिद्ध करत होते. मग मी थांबले.

लाल गाडी पुलाच्या मधोमध उभी. निळी मागून आली, अगदी सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखी. आमच्या गाडीला टेकली. क्षणभर तशीच राहिली. मग बाजूनं निघाली आणि पुढे गेली, बोगद्यात शिरली, शेवटचं वळण घेतलं, आणि टीव्हीत फटाके फुटले. आमची गाडी पुलावरच होती.

मी रिमोट खाली ठेवला. म्हटलं, "पाह्यलं? थांबलं तरी आलाच तो."

बाहेर एक ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली. मग त्यांनी डाव्या हाताचा टेका घेतला आणि उठून बसले. त्यांचा चेहरा मला आवडला नाही, त्यात भरवसा वगैरे काही नव्हता. पण ते बसले होते.

"मंग पळालेलंच बरं," म्हणाले. "दे इकडं."

तेव्हापासून रोज खेळतात. नाल्यापर्यंत जातो. मागे वळून बघतात अजून, मी नको म्हणत नाही, मीही बघते. बोटं पुन्हा उघडली, अंगठ्यानं आता सदऱ्याचं बटण लावतात. जिंकले का म्हणशील, तर नाही. एकदाही नाही. आता आवाज चालू ठेवून खेळतात. चुलीपाशी मला ती घूं ऐकू येते, मी पोळी तव्यावर तशीच ठेवून ऐकत राहते, फटाके वाजले की उलटते.

आता तुला जे सांगायचं आहे ते हे. काल सकाळी त्यांच्या हातातून कप पडला. उजव्या नाही, डाव्या हातातून, चांगल्या हातातून. हात ओला होता, ते म्हणाले. ओलाच होता, मी म्हणाले. मी फरशी पुसली, आणि पुसताना बघितलं, तर त्यांचा हात कोरडा होता. मी गावातली जीप सांगून ठेवली आहे, उद्या सकाळी त्यांना यवतमाळला नेते. त्यांना सांगितलं, तर कुरकुर न करता बरं म्हणाले. मला ती कुरकुर हवी होती.

आज दिवसभर खेळताहेत. मघाशी विचारत होते, या खेळात दोन माणसं एकमेकांशी पळू शकतात का, मधे ती निळी नसताना. मी म्हटलं, नातीला ठाऊक असेल. म्हणाले, तिला म्हणावं, तिच्याशी हरलो तर चालेल मला.

तेव्हा होळीची वाट पाहू नकोस बाई. हे वाचशील त्याच दिवशी सुटी माग. नागपूरपर्यंत रेल्वेनं ये, पुढे वणीची बस मिळते, त्याच जीपवाल्याला फाट्यावर घ्यायला पाठवते. लवकर ये.