पिंजरमामांची पसंती

पिंजरमामांशी माझं पहिलं बोलणं झालं ते त्यांच्या पायांशी. लग्न होऊन मी कोल्हापुरात आले, त्या वर्षीची थंडी नुकती पडू लागली होती. आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे एका सरदारांचा बंगला होता आणि त्याच्या मागच्या अंगणात शिकारी कुत्र्यांची लाकडी घरं ओळीनं मांडलेली होती. सकाळी भिंतीवरून सहज डोकावले, तर एका घराच्या दारातून माणसाचे दोन पाय बाहेर आलेले. घाबरून मी विचारलं, "अहो, काय झालं?" आतून शांत आवाज आला, "काय न्हाय वैनी, झोपून बघतोय. कुठनं तरी वारं आत यायलंय." मग पाय तिथेच ठेवून त्यांनी माझ्या माहेरची सगळी चौकशी केली.

भाताच्या पेंढ्याला तिकडे पिंजर म्हणतात. मामांच्या पटक्यात, मिशांत, बंडीच्या खिशात ते कायम अडकलेलं असे, म्हणून ते पिंजरमामा. खरं नाव, कुत्री सांभाळण्याचा पगार देणाऱ्या बंगल्याच्या कारभाऱ्यांनाही आठवावं लागत असणार. कोल्हापूरची थंडी म्हणजे काही हिमालय नव्हे, पण पहाटे पंचगंगेकडून वारं सुटलं की दात वाजतात. आणि ती कुत्री म्हणजे नुसती हाडं आणि कातडी, केस आपले नावाला. मामांचे नियम ठरलेले होते. घर चार विटांवर उचललेलं हवं, दार कुत्र्याच्या खांद्याएवढंच, त्यावर गोणपाटाचा पडदा आणि आत कोपरभर पिंजर. घर जरा मोठं करा असं कुणी सुचवलं की ते म्हणत, "बंगला कशाला? कुत्रं आपल्या अंगानंच घर तापवतंय. त्याला झेपंल एवढंच घर पायजे." रोज सकाळी प्रत्येक घरात कुत्र्याच्या पोटाखाली हात घालून बघायचा, हात गरम निघाला तरच स्वतः चहा घ्यायचा, असा त्यांचा शिरस्ता होता.

दोन वर्षांनी संस्थान विलीन झालं. शिकारी थांबल्या, बंगल्यातली माणसं कमी झाली. दिवाळी होताच कारभाऱ्यांनी मामांना बोलावून सांगितलं की संक्रांतीच्या आत कुत्री कुणाकुणाला देऊन टाका. उरतील त्यांना गोळी घालायची. कुत्री अकरा होती.

दुसरा कुणी असता तर समोर येईल त्याच्या हातात साखळी देऊन मोकळा झाला असता. मामा स्थळं बघायला लागले. धुवट पटका बांधून सकाळीच त्या घरी जायचे, ओसरीवर बसायचे, चहाला नको म्हणायचे. मग परड्यात जाऊन एक बिडी पेटवायची आणि ती न ओढता नुसती धरून उभं राहायचं. धूर कुठे जातो ते बघायचं. धूर आडवा पळाला की स्थळ बाद. "पावणं, मानसं लाख हायसा," ते हात जोडून सांगत, "खरं तुमच्या परड्यात वारं लई." नकार ऐकून माणसं चाटच पडत. तरीही पौष लागेपर्यंत दहा कुत्री मार्गी लागली. एक तालमीतल्या पैलवानाकडे गेलं, एक गुऱ्हाळवाल्याकडे, दोन दुधाच्या कट्ट्यावर म्हशी आणून धार काढून देणाऱ्या गवळ्याकडे. राहिली ती बिजली. तिचं वय झालं होतं आणि मागचे पाय सकाळी लवकर सरळ होत नसत.

आमचे हे शाळेत मास्तर. त्यांना बिजलीची दया आली आणि त्यांनी मामांना आमचं परस बघायला बोलावलं. मामांनी बिडी पेटवली. धूर सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीत शिरला. "मास्तर, राग मानू नगासा," मामा म्हणाले आणि निघाले. मुलीला नकार आलेला मी ऐकला होता. परसाला नकार आलेलं आमचंच पहिलं घर. हे पोट धरून हसले. मी मात्र चार दिवस भिंतीकडे फिरकले नाही.

संक्रांत आठवड्यावर आली तेव्हा उद्यमनगरातला एक कारखानदार बिजलीला न्यायला तयार झाला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. संध्याकाळी कळलं की मामांनी त्यालाही नाही म्हटलं, कारण त्याच्याकडे कुत्रं सिमेंटच्या फरशीवर बांधणार होते. माझा रुसवा गेला आणि राग आला. भिंतीवरून मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. गोळीपेक्षा फरशी बरी नाही का, असं विचारलं. मामा बिजलीचे पाय चोळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "गोळी एकदा लागती, वैनी. फरशी रोज लागती." त्यांचे डोळे भरले होते.

त्या रात्री मला कळलं की नकार आपल्याला नव्हता, वाऱ्याला होता. मग वारं अडवायला काय झालं? आमच्या शेणींचा मोठा ढीग दक्षिणेच्या भिंतीशी होता, वर्षाच्या जळणाचा. दुसऱ्या दिवसापासून मी तो नदीच्या बाजूला हलवायला घेतला. शेजारणी विचारू लागल्या की हिला झालंय तरी काय. रविवारी मास्तरही धोतर खोचून लागले. पुरुषभर उंचीची भिंत झाली. भोगीच्या सकाळी मी मामांना हाक मारली. त्यांनी बिडी पेटवली. धूर सरळ वर गेला. बिडी जळत बोटांपर्यंत आली तरी ते वरच बघत होते. मग म्हणाले, "पसंत हाय." दुपारी बिजली आली, मागोमाग हातगाडीवरून तिचं घर, चार विटा आणि पिंजराचे दोन भारे.

मी नवशिकी. मायेपोटी पिंजर बाजूला सारून मी आत माहेरची नवी दुलई घातली. सकाळी बिजली परसातल्या चुलीच्या राखेत कुडकुडत पडलेली. मामांनी दुलई बाहेर ओढून पिळली, तर थेंब गळले. "वैनी, वाकळ दव पिती," ते म्हणाले, "पिंजर झटकून टाकतंय." रागावले नाहीत, पण माझा हात धरून त्यांनी तो पिंजरात घालायला लावला आणि रोज हे करायचं असं बजावलं. बिजली पुढे तीन हिवाळे जगली. एकाही सकाळी मी हात घालायचा चुकवला नाही.

बंगल्याची मागची जागा विकली गेल्यावर मामा कबनूरला पुतण्याकडे राहायला गेले. तो कापडाच्या मागावर कामाला होता. काही वर्षांनी मामा आजारी असल्याचं कळलं आणि आम्ही दोघं भेटायला गेलो. पौषच होता. खोलीत फरशी, दार वाऱ्याच्या तोंडाला, आणि फरशीवर एका पातळ वाकळेत मामा. मी बसले आणि सवयीनं त्यांच्या अंथरुणाखाली हात घातला. हात गार निघाला. मग मी पुतण्याच्या बायकोला हाताशी घेतलं. पलीकडच्या मळ्यातून पिंजर आणवलं, कोपरभर जाड पसरलं, वर वाकळ घातली, दाराला गोणपाट टांगलं. मामा एका कुशीवरून सगळं तपासत होते आणि मध्येच, "कोपऱ्यात कमी पडलंय," म्हणून सांगत होते.

ती आमची शेवटची भेट. त्याच महिन्यात ते गेले. निघताना मी पुन्हा त्यांच्या पाठीखाली हात घालून बघितला.

"गरम हाय न्हवं?" मामांनी विचारलं.

"हाय," मी म्हणाले.

"मग आता च्या घ्या," मामा म्हणाले.