विहिरीवर आज दिवा लागला नाही

मंडळी, लालबागला आमच्या चाळीच्या विहिरीला आज दुपारपासून पेट्रोलचा वास येतोय.

संध्याकाळी शेजारच्या मालतीकाकू रोजच्यासारखा विहिरीवर ठेवायला पेटता दिवा घेऊन निघाल्या. मी जिन्यातच फुंकर मारून तो विझवला. दिवा फुंकू नये हे मलाही कळतं, पण दुसरं काही सुचलंच नाही.

काकू भडकल्या. "संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी बाहेर कर्फ्यू होता, तरी माझ्या सासूने हा दिवा चुकवला नाही. तू कोण रे फुंकणारा?" खाली गेल्यावर वास नाकात शिरला, तेव्हा नाकाला पदर लावून मागे सरल्या.

फायर ब्रिगेडवाल्यांनी विहीर झाकली. पलीकडचा पेट्रोल पंप त्या चळवळीच्याच काळातला, कधीचा बंद पडलेला. जमिनीखालची टाकी मात्र कुणी काढलीच नाही. ती गंजून तळाशी राहिलेलं पेट्रोल झिरपलं असणार, असं ते म्हणाले. आता टाकी काढायची, भिजलेली माती उचलायची, विहीर उपसायची. पंप बंद करतानाच टाकी काढली असती, तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

काकूंनी गॅलरीतून विहिरीला हात जोडले. म्हणाल्या, "बरी हो, मग लावते."

तुमच्या शेजारी बंद पडलेला पंप आहे? त्याच्या टाकीचं काय केलं, कधी विचारलंय?