गौराक्काच्या कवितेतला इंग्रज

कलकत्त्याला चार वर्षं शिकून मी सोलापुरात परतलो आणि इथल्या काव्यमंडळाचा सभासद झालो. बैठक आठवड्याला एक, किस्से मात्र दोन-तीन. कवितांपेक्षा तेच टिकाऊ निघाले.

मंडळाची एक रीत होती. प्रत्येक कवितेखाली अध्यक्ष रावसाहेब 'स्वतंत्र' किंवा 'आधारित' असा शेरा मारीत. 'स्वतंत्र' तेवढ्याच वार्षिक अंकात छापायच्या. गौराक्का आमच्यातल्या एकट्या बाई, अडत व्यापाऱ्याच्या घरातल्या. दोन वर्षांत त्यांची एकही कविता छापली नव्हती. आपण एक रोमँटिक इंग्रज कवी वाचतो, हे त्यांनीच सरळपणे सांगून टाकलं होतं.

*

त्यांनी तळ्यावरच्या वाऱ्यावर कविता लिहिली. एक वकील सभासद म्हणाले, "वारा त्या कवीचा आहे."

"मग आपल्या तळ्यावर तो बोटीनं येतो की काय?" गौराक्कांनी विचारलं.

शेरा पडला, 'आधारित'.

*

पुढच्या कवितेत दुःख होतं. ते हेडमास्तरांना पटेना. "अडत जोरात, नवरा शांत. बाईंना दुःख आलं कुठनं?"

बराच खल होऊन दुःख विलायती ठरलं.

*

मग वकिलांनी त्याच कवीची अख्खी कविता मराठीत उतरवून स्वतःची म्हणून वाचली. मी तसं बोललो. रावसाहेब हसले. "तुम्ही कलकत्तेवाले. अहो, वकिलांवर त्या कवीचे संस्कार आहेत."

शेरा पडला, 'स्वतंत्र'.

*

बाहेर पडताना मी गौराक्कांना म्हटलं, "तुम्ही त्याचं नाव घ्यायलाच नको होतं."

"का म्हणून? त्याच्यामुळंच लिहायला लागले की. कवितेत 'मी' म्हणता येतं, हे त्यानं दाखवलं. पुढं बोलले ते माझं मी."

इतकी नेमकी समीक्षा मी चार वर्षांत एकाही प्रोफेसराकडून ऐकली नव्हती.

*

अंक छापखान्यात जायच्या आधीची बैठक. गौराक्कांनी शेवटची कविता दिली, मिलच्या भोंग्याला उठणाऱ्या बायकांवरची.

"हीही त्याचीच," रावसाहेब म्हणाले. "भोंग्याच्या जागी तिथं घंटा आहे, इतकंच. खंडाच्या शेवटाकडं. मी स्वतः वाचलीय."

"दाखवा की."

रावसाहेबांनी कपाटातून जाडजूड खंड काढला. त्या काळी विलायती पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच येत. वाचणाऱ्यानं ती कापून घ्यायची. खंडाची पहिली वीसेक पानं कापलेली होती. पुढची सगळी बंद.

वकील खिडकीबाहेर बघू लागले.

गौराक्कांनी अंबाड्यातला आकडा काढला, खंड मांडीवर घेतला आणि एकेक पान कापायला लागल्या. सगळी कापून झाल्यावर खंड रावसाहेबांपुढं ठेवला.

"शोधा सावकाश," त्या म्हणाल्या. "मी हितंच बसलीय."