ओल्या गोणपाटातले मूग

माझी बायको अनघा रायसेनच्या बाजूला एका गावातल्या सरकारी शाळेत अकरावी-बारावीला शेती शिकवते. रोज शहरातल्या आमच्या सोनागिरी वसाहतीतून बसने जाते-येते. घरी आली की बियाणं, खतं, वर्गातल्या मुली यांच्याबद्दल बोलत राहते. पण फेब्रुवारीच्या शेवटी एका संध्याकाळी ती गप्पच होती.

"अगं, झालं काय?"

"अकरावीतल्या कविताचे वडील उद्या शाळेत भेटायला येणारेत. म्हणतात, बारावीला शेती नको, आर्ट्सला घाला. ती गेली की तिच्या मैत्रिणीही जातील बघ."

"मग उद्या मीही येतो," मी म्हटलं आणि सुट्टी टाकली.

सकाळी बाइकवर निघालो. पिपलानीची वस्ती मागे पडली की रायसेन रोड मोकळा होतो. रस्ता छान आहे, फक्त गावाकडे वळल्यावरच्या फाट्यावर खड्डे आहेत, तिथे गाडी हळू घ्या. वळणावरच्या टपरीवर पोहे-जलेबी जरूर खा. पोह्यांवर शेव आणि बडीशेप घालतात. माझ्यासारख्या नागपूरच्या माणसाला वर झणझणीत तर्री नसल्याचं दुःख होतं, पण गरम जलेबी ते विसरायला लावते. दोन्ही बाजूंना गहू पिवळा पडायला लागला होता. मागे बसलेली अनघा मात्र अधूनमधून उसासे टाकत होती.

शाळा म्हणजे एक बैठी इमारत आणि मागे शेताचा छोटा तुकडा. मुलींनी त्यात हरभरा, मेथी आणि कांदे लावले होते. (तुम्हाला अशी शाळा पाहायची असेल तर मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्या. परीक्षेच्या दिवसांत जाऊ नका.)

त्या दिवशी वर्गाचं प्रात्यक्षिक होतं. गहू निघाल्यावर इथे उन्हाळी मूग पेरतात. प्रत्येक मुलीने घरचं बियाणं आणून, मोजून, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलं होतं. आज गुंडाळ्या उघडून किती दाण्यांना मोड आले ते बघायचं होतं.

कविता उंच, सावळी, कमी बोलणारी मुलगी. तिने आपलं गोणपाट उलगडलं आणि चेहराच उतरला. निम्मे दाणे जसेच्या तसे पडले होते. तिने अनघाकडे पाहिलं.

"मॅडम, पापा को मत बताइएगा। बीज उन्होंने खुद रखा था।"

"मी नाही सांगणार," अनघा हिंदीत म्हणाली, "पण तू सांग. पेरणी झाल्यावर कळलं तर?"

तेवढ्यात वडील आलेच. पांढरा सदरा, खांद्यावर गमछा. बसायलाही तयार नव्हते.

"खेती तो घर पे भी सीख लेगी मैडम। इसके लिए स्कूल काहे को?"

अनघा काही बोलायच्या आत कविता पुढे झाली. गोणपाट त्यांच्यासमोर धरून हळू आवाजात म्हणाली, "पापा, अपनी मूँग है। आधी ही उगी।"

वडील खाली बसले. मोड न आलेला एक दाणा उचलून दाताखाली चावला. मग दुसरा. दाणे दिसायला चांगले, टपोरे होते.

"देखने में तो ठीक था," ते म्हणाले. मग मान वर करून कविताला विचारलं, "अब क्या करें?"

"बीज बदल देते हैं। नया लाएँगे तो वो भी पहले यहीं देखूँगी।"

त्यांनी मान हलवली. जाताना अनघाला एवढंच म्हणाले, "बारहवीं में भी यही पढ़ेगी।"

दुपारी मुलींनी शाळेच्या शेतातला ओला हरभरा काटक्यांवर भाजला. हात काळे करत आम्ही तो सोलून खाल्ला. सोबत डब्यातली रोटी आणि हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी. कविता आता भरभरून बोलत होती. असं जेवण कुठल्या हॉटेलात मागून मिळणार नाही.

उन्हं कलताना परत निघालो. अनघा सगळा रस्ता गुणगुणत होती. घरी चहा घेताना तिने विचारलं, "काय आवडलं सगळ्यात जास्त?"

भाजलेला हरभरा, मी म्हणणार होतो. पण डोळ्यांसमोर आले ते जमिनीवर बसलेले कविताचे वडील. इतकी वर्षं शेती केलेला तो माणूस आपल्या मुलीला विचारत होता, आता काय करायचं, आणि उत्तरासाठी थांबला होता.