शनिवारचं प्रूफ

"घरी कोण कोण असतं?"

कवितांचं बाड घेऊन शिरूरच्या त्या छापखान्यात कुणीही शिरलं, की तिथल्या अक्षरजुळणी करणाऱ्या चाचांचा पहिला प्रश्न हाच, तोही मान वर न करता. त्यांची बोटं खणांतून शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, उचलत असायची. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि आमच्यासारख्यांचे कवितासंग्रह, सगळं ते एकेक अक्षर जुळवून उभं करायचे.

तुम्हाला आठवत असेल, नव्वदच्या सुमारास कवितेत एकटेपणाची आणि कंटाळ्याची साथच आली होती. मी तेव्हा मांडवगण फराट्याला शिक्षक होतो. मलाही लागण झालेली.

"आई, बायको, दोन पोरं, भाऊ-भावजय," मी सांगितलं. त्यांनी बाडाचं पहिलं पान वाचलं.

"मग एकटं कवा वाटतं, गुरुजी?"

त्यात कुचेष्टा नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी एस.टी.ने प्रूफ तपासायला जायचो. दर वेळी कुठल्यातरी कवितेतली एक ओळ गळलेली निघायची. चाचा जीभ चावायचे, चहा मागवायचे. मग कवितेवर गप्पा.

"हितं तुम्ही खिडकीत बसून कंटाळलाय. पर खिडकीतनं दिसतं काय, ते लिव्हलंच न्हाई."

पुढच्या शनिवारी ती ओळ जागेवर असायची आणि दुसऱ्याच पानावरची गायब. असे पाच शनिवार गेले. सहाव्याला माझं डोकं फिरलं.

"चाचा, एवढे जुने जाणते तुम्ही. दर वेळी एक ओळ कशी राहते? घरची माणसं बोलतात मला."

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "व्हय, चुकलंच. फुडच्या शनिवारी संपवू."

सातवं प्रूफ स्वच्छ होतं. मी उभ्या उभ्या सही केली. "च्या सांगतो," ते म्हणाले. मी नको म्हणालो.

काही वर्षांनी दौंड स्टेशनवर छापखान्याचे मालक भेटले. आता कॉम्प्युटर आले होते. चाचा वारले, म्हणाले. बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नाही.

"लगीनपत्रिकेत त्यांची एक चूक कधी निघाली न्हाई बघा. तुमच्या कवितांतच काय व्हायचं कुणास ठाऊक. पत्रिकावाले सही करून पळत्यात, तुम्ही लोक बसायचा."

घरी येऊन मी संग्रह उघडला. एकही ओळ गळलेली नाही. एकटेपणावरच्या चाळीस कविता. आणि एकटा माणूस समोर बसून चहाला थांबवत होता, तेव्हा मला एस.टी. गाठायची होती.