दुधाच्या पुडीतला ओलावा

तराजूची काचेची पेटी उघडण्याआधी ते उपरण्यानं तोंड बांधून घेत आणि आम्हाला बजावत, "बोलू नका. तोंडाची वाफबी वजनात येती." तुम्ही हसला असता. आम्हीही हसायचो.

परभणीच्या एका सरकारी प्रयोगशाळेत ते तपासनीस होते, मी कारकून. लढाईच्या दिवसांत दवाखान्यातल्या आईविना लेकरांसाठी दुधाच्या पुडीचे डबे आले. नियम असा, की पूड तोलायची, भट्टीत पाच तास तापवायची, पुन्हा तोलायची. जेवढं वजन घटेल तेवढं पाणी. पाणी जास्त भरलं की डबा बाद.

डब्यामागून डबे बाद ठरू लागले. एके दिवशी त्यांनी भट्टीतली वाटी माझ्यापुढं धरली. पूड तपकिरी पडली होती, करपलेल्या खव्याचा वास येत होता.

"पाणी गेल्यानं कुटं रंग बदलतो का? पाणी कवाच गेलं. आता दुधातली साखर जळायलीय, अन् आमी तिलाबी पाणीच म्हणायलोय."

मग त्यांनी आपली रीत बसवली. घट्ट झाकणाच्या बरणीत कळीचा चुना, वर जाळीवर पुडीची वाटी. आच नाही. चुना ओल ओढून घेई. रोज सकाळी तोलायचं. नवव्या दिवशी वजन घटायचं थांबलं. पूड नियमात बसत होती. त्या दिवशी त्यांनी मला पान खाऊ घातलं.

आमचा कारभार तेव्हा हैदराबादेहून, उर्दूत चाले; ही रीत मान्य करावी अशी दरखास्त मी लिहिली. तिथून एका ओळीत जबाब आला: ठरलेल्या रीतीनंच तपासावं.

दवाखान्याची नर्स रोज दारात येई. "डबे कवा सोडता?"

"बघायलोय, बाई," ते चष्मा पुसत म्हणत.

शेवटी प्रयोगशाळेच्या साहेबांनी डबे बाद केल्याचा कागद त्यांच्यापुढं सरकवला. "तुम नहीं करे तो दूसरा करेगा." तपासनिसांनी सही केली. का, ते मी कधी विचारलं नाही.

डबे मागच्या खड्ड्यात रिते केले. त्यांनी काठावरची चिमूटभर पूड बोटांत चोळली. ती वाऱ्यावर उडून गेली, इतकी कोरडी होती.

महिनाभरात नोकरी सोडून ते वालूरला गावी गेले. मी एकदा भेटायला गेलो. प्रयोगशाळेचं त्यांनी काही विचारलं नाही. पाण्याचा तांब्या पुढं ठेवत म्हणाले, "दवाखान्यातली लेकरं?"

"बरीच गेली," मी सांगितलं.

ते उठून आत गेले. मी संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून होतो. ते बाहेर आले नाहीत.