वाक्य चालू आहे

बोरीवलीला आमच्या घरी दादाच्या मदतीला एक बाई येतात. त्याच्या व्हीलचेअरला हात लावण्याआधीही त्या विचारतात, "ढकलू का दादा?" दादा फार सावकाश बोलतो, त्यामुळे त्याची वाक्यं आपणच पुरी करायची आम्हाला सवय लागलेली. काल तो म्हणाला, "मला चहा..." मी लगेच उठले. बाईंनी हात आडवा धरला.

"थांबा ना ताई, त्यांचं वाक्य चालू आहे."

गॅसवर दूध उतू गेलं, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

"...आवडत नाही गं," दादा म्हणाला.

लहानपणापासून मी त्याला चहाच पाजतेय. मी इतकी हरखले की अनवाणीच कॉफी आणायला पळाले. जिन्यात असताना वरून बाईंची हाक आली,

"अहो ताई, वाक्य अजून चालू आहे."